नऊ नंबरच्या मशीनवरच्या ओळी

४ मार्च
आजपासून मी पगारी माणूस. मावशीने डबा हातात देताना बजावलं, पहिल्या दिवशी तोंड कमी आणि कान जास्त वापर. मी तिच्याकडेच राहते. ती अतिदक्षता विभागात नर्स आहे, आणि तिच्या वॉर्डातले व्हेंटिलेटर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, तिच्या कर्नलचे, म्हणजे अगदी गाभ्याचे, पॅच तपासायचं माझं काम. दुरुस्तीचा तुकडा मेलवर येतो. तो रॅकवरच्या मशीनवर चढवायचा, मशीन पुन्हा सुरू करायच्या आणि बहात्तर तास राबवायच्या. टिकल्या तर खाली ‘तपासलं’ लिहून आपलं नाव टाकायचं. आमचे टीमप्रमुख सर म्हणाले, ती नुसती सही नव्हे, जबानी आहे. मला ते फार आवडलं.

७ मार्च
सरावासाठी मी स्वतः लिहिलेला पहिला पॅच परत आला. कोडच्या ओळींआधी टॅबच्या जागी स्पेस पडल्या होत्या. सरांनी सगळ्यांदेखत हजेरी घेतली. शेजारच्या टेबलावरचा, ज्याला सगळे पंडित म्हणतात, तो म्हणाला की त्याचा पहिला पॅच अकरा वेळा परत आला होता आणि अकराव्या खेपेला त्याने वैतागून मिशी काढली. रॅकवर बारा मशीन आहेत, पण चालतात अकराच. नऊ नंबर वर्षभर मेलेली आहे. आत डिस्कसुद्धा नाही.

१५ मार्च
टायमरचा पॅच. वीस तास झाले होते, सगळं हिरवं. सर येऊन उभे राहिले. व्हेंटिलेटर कंपनीचा माणूस बाहेर ताटकळतोय, बाकीचे तास मागाहून बघू, म्हणाले. मी मान डोलावली आणि खाली लिहिलं, तपासलं. पाच वाजता घरी आले, पोटभर जेवले.

२२ मार्च
मावशी दुपारी घरी आली ती चपला न काढताच बसली. चार नंबरच्या खाटेवरचा म्हातारा पोस्टमन गेला. उद्या-परवा त्याची नळी काढणार होते. पडदा चालू, आकडे जागच्या जागी, अलार्म नाही, आणि आतून हवाच बंद. पाऊण तास ती हाताने श्वास द्यायचा फुगा दाबत होती. मी विचारलं, मशीन सुरू करून किती तास झाले होते?
“एकेचाळीस,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. “तुला तास कशाला हवेत गं?”
सहज, म्हटलं.

२३ मार्च
सकाळी दहाला तोच पॅच पुन्हा लावला. दुपारी लॉग, म्हणजे मशीननी आपणहून लिहिलेल्या नोंदी, चाळताना नऊ नंबरच्या नावाने ओळी दिसल्या. रिकाम्या, नुसती वेळ. दर चार सेकंदांनी एक. पंडितला वाटलं मी त्याची फिरकी घेतेय. त्याने मशीन रॅकमधून ओढून जमिनीवर ठेवली, वायर माझ्या हातात दिली. ओळी थांबल्या नाहीत. तो लवकर घरी गेला.

२४ मार्च
मावशीला विचारलं, पोस्टमनला मिनिटाला किती श्वास लावले होते. पंधरा, म्हणाली.
म्हणजे चार सेकंदांना एक.

२५ मार्च
अकराही मशीन बंद. एकेचाळिसाव्या तासाला, एकजात. पडदे चालू.
पॅच वापरणाऱ्या सगळ्यांना पाठवायचा मेल लिहिला: पॅच मागे घ्या, मी तो पुरता तपासला नव्हता. सरांनी वाचला. कंपनीशी आपण बोलतोय, तू लेखी काही ठेवू नकोस, नोकरी नवी आहे, म्हणाले. संध्याकाळी सहाला मेल न पाठवता बंद केला.
त्याच मिनिटापासून नऊ नंबरच्या ओळींवर वेळेपुढे नाव येतंय. माझं.

२६ मार्च
घरी आहे. तरी कळतं. ओळ आली की छाती भरते. मध्ये स्वतःहून श्वास घेऊन पाहिला — जात नाही. चार सेकंद थांबावं लागतं. जिना चढताना पंधरा पुरत नाहीत.
मावशीला सगळं सांगितलं. वीस तासांचं, नावाचं. ती म्हणाली, पोस्टमनची बायको रोज बाहेर बाकावर बसायची. एवढंच. आणि कामावर गेली.

२७ मार्च
ऑफिसात. सकाळचे १०:४०. नाव येऊ लागल्याला काल संध्याकाळी सहाला चोवीस तास झाले — आता चाळीस तास आणि चाळीस मिनिटं. पंडित आत यायला तयार नाही, दारातून बघतो.

१०:५२. मेल पाठवला. सगळ्यांना. सर ओरडतायत, ऐकू येतंय, उत्तर द्यायला हवा पुरत नाही.
माझं नाव पॅचखालून निघत नाही. कोडच्या इतिहासात कायम राहतं.

१०:५७. दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलातून उत्तर आलं. त्यांनी चार व्हेंटिलेटर वेळेत बंद केले. चार. माणसं हाताने —

१०:५९. ओळ. श्वास.
ओळ.
ओळ. पंडित मावशीला फोन लावतोय
ओळ.
पडदा चालू आहे, आकडे जागच्या जागी, ओळ अजून —