सूनबाईचं आपोआप काम आन शेगावची ऑर्डर

तीर्थस्वरूप वच्छलाबाई,

सुलतानपूरच्या माह्या एकुलत्या एका नणंदबाईच्या दोन्ही पायावर (जो गुडघा दुखते त्याच्यावर जरा हलक्यानं) गोजरबाईचा दंडवत. तब्येत कशी हाय? दाजीचा खोकला कमी झाला, का अजूनबी तुमी काम सांगितलं की त्याच वक्ताले येते? आमी इथं मजेत. मजेत मंजे कशा, तेच सांगाले बसली.

छकुलीच्या लग्नात तुमी भर मांडवात म्हणलं होतं, "गोजरची सून दिवसभर कंप्युटरपुढं बसून राह्यते, आन म्हणे मोबाईलवर पापड इकते!" बाया हासल्या. मीबी हासली, पन ध्यानात ठेवलं. तं आता आयका.

आमच्या बचत गटाचं पापड इकाचं ॲप माह्या सुनेनं, कांचननं केलं, हे तुमाले मालूमच हाय. आदी त्यात काई बदल केला का ती सारं हातानं जोडे, हातानं तपासे, आन एखादी गोष्ट राह्यली का ॲप दिवसभर बंद. आता ती फक्त बदल लिहून धाडते, पुढचं सारं आपोआप, क्लाऊडवर. क्लाऊड मंजे दूर कुठं भाड्यानं घेतलेल्या मशिनी. तिथं ते जोडल्या जाते, मंग तपासल्या जाते (आमच्या गटातली झुंबरबाई कशी एकेक पापड उजेडात धरून चिरलेला बाजूले फेकते, तसं, फरक इतकाच का मशीन फेकताना शिव्या देत नाई), आन पास झालं का गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर. इथली लाईन गेली तरी तिथलं काम चालूच. शेवटी 'मंजूर'चं बटन दाबाचं, ते तेवढं माह्याकडं. गटाची अध्यक्ष हाय ना मी!

इथंच घोटाळा झाला. तुमच्या माहेरची रीत तुमाले काय सांगू? तुमच्या भावानं (देव त्याले सुखात ठेवो) सायकलले नवी सीट बसवली तरी नारळ फोडला होता. मंग लोकायच्या मोबाईलवर नवी वस्तू जाते, आन मी बिना नारळाचं बटन दाबू? पन कांचन बारीक बारीक बदल दिवसातून कईकदा धाडते. म्हणते, त्यानं चुकी लवकर सापडते. सकाळी अक्षर मोठं केलं, नारळ. दुपारी रंग बदलला, नारळ. गावातल्या दुकानातले नारळ सरले. घरात खोबऱ्याची चटनी, खोबऱ्याची भाजी, खोबऱ्याचा भात. माहा देवानंद ताटाकडं पाहून म्हणे, "आई, आपन कोकनात कवा राह्याले गेलो?"

अशातच शेगावच्या दुकानदाराचा, प्रेमानंदशेठचा, कांचनले फोन आला. "तुमच्या ॲपवरून माही ऑर्डर जाऊन नाई राह्यली. दिवे लागाच्या आत गेली तं दिवाळीचे सारे पापड तुमचे, नाई तं अकोल्याचा व्यापारी बसलाच हाय." त्याच्या जुन्या फोनवर ऑर्डरचं बटनच दिसे ना. कांचननं बसल्या बसल्या दुरुस्ती लिहिली. तिकडं जोडल्या गेली, तपासल्या गेली, पास झाली, आन माह्या मंजुरीसाठी येऊन उभी राह्यली. आन मी कुठं? मोताळ्याच्या बाजारात, नारळ घ्याले! फोन पिशवीत, फोनवर वांगे.

फकीर मोहम्मदभाईच्या नारळाच्या दुकानी पैशासाठी पिशवी उघडली, तवा फोन वाजून वाजून गरम झाला होता.

"आई, दाबा ना हो! दिवे लागाले आले!" फोनवर कांचन रडकुंडीले आली होती.

"थांब वं माय, नारळ घेतलाच हाय. घरी आली का फोडते, मंग दाबते."

हे आयकून फकीरभाई हासाले लागला. "काय भाभी, नवा तवा आनला तं त्याची पूजा करा. मंग काय भाकरीभाकरीले नारळ फोडसान?"

बाई, खोटं काऊन बोलू, मले पटलं. तिथंच, गर्दीत उभ्या उभ्या, बटन दाबलं. दोघंबी फोनकडं पाहून राह्यलो, जसं काई लेकरू होऊन राह्यलं. थोड्या वक्तानं कांचनचा फोन, "गेलं आई! शेठची ऑर्डर आली!" ती हासे का रडे, समजे ना. म्या साऱ्या बाजाराले सांगितलं, हे माह्या सुनेचं काम हाय. (फकीरभाईनं नारळ मात्र वापस घेतला नाई.)

आता मोठा बदल असला तरच मले इचारतेत. बारीकसारीक तपासून झालं का सीदं जाते. अध्यक्षाले घरी बसवलं पोरीनं, आन मी त्याचीबी फुशारकी मारत फिरून राह्यली. तं नणंदबाई, मांडवात बोलल्या, तं पुढच्या मांडवात कबूलबी करजा.

दाजीले नमस्कार, लेकरायले पापा.

तुमची भावजय,
गोजर

ता. क. : ऑर्डर जरा जास्तच मोठी निघाली. जोडनं, तपासनं, धाडनं सारं आपोआप होते, पन पापड काई आपोआप लाटल्या जाऊन नाई राह्यले. तुमच्यासारखा पातळ पापड साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात कोनी लाटत नाई, हे मी तुमच्या माघारी नेहमी म्हणते. तोंडावर पह्यल्यांदाच.

आनखी एक : हे पत्र देवानंदनंच तुमच्या हाती देल्लं असन. त्याले चहा पाजू नका, गाडी चालूच ठेवाले सांगितली हाय, डिझेल जळून राह्यलं. पोळपाट घ्या आन गाडीत बसा.