अम्माच्या बोलीतली मजुरी

अम्मा, काल मी तुझ्या माहेरच्या भाषेत आपल्या टोळीची मजुरी ठरवली. तू गेल्यापासून ते मुकादम करायचा. निजामाबादकडच्या शेतकऱ्याशी तो तेलुगूत काय बोलतो ते आपल्या बायांना कळत नसे. हळद काढायच्या त्याच कामाचे तिथल्या बायांना जास्त पैसे मिळतात, एवढं दिसायचं. मला सगळं कळायचं, पण पोरसवदा मजुराचं कोण ऐकणार?

चुडाव्याकडच्या आपल्या गावात लोक तुझ्या बोलण्याला हसायचे. "तेलंगीण काय म्हणायलीय, कुणी सांगा गं," असं पाणवठ्यावर चालायचं. पण निजामाबादकडे निघालो की गाडीत त्याच बाया तुझ्याशेजारी जागा धरायच्या. अजून दिसतंय मला: शेतातल्या चुलीपुढे तू भाकरी थापतेस, शेतकरी येतो आणि मी थेट मजुरीचं विचारतो. पिठाच्या हातानं तू माझा दंड धरतेस. "आल्या आल्या पैशाचं इचारतो का रे? आधी त्याच्या घरचं इचार!" मग त्याच्या म्हशीचं, सुनेच्या बाळंतपणाचं तूच विचारत बसतेस. तव्यावरची भाकरी करपते. मजुरीचं शेवटी, उठता उठता निघतं, आणि तिथल्या बायांइतकीच ठरते.

यंदा बायांनी मलाच बोलायला पुढं केलं, म्हणून काल गाडीत मी सगळ्या रस्त्यानं वाक्यं पाठ करत होतो. शेतकऱ्यानं गेल्या वर्षीचाच भाव सांगितला आणि माझं पाठांतर पार उडालं. बाया माझ्या तोंडाकडे बघायलेल्या. तेवढ्यात गोठ्यातली म्हैस दिसली. कधी विणार, म्हणून विचारलं. तो हसला, बाजेवर सरकून मला जागा दिली. "कुठल्या गावचा? इकडचाच वाटतोस." मी म्हटलं, माझी अम्मा इकडची. मग पुष्कळ वेळ म्हशीवरच बोललो. उठताना मी मजुरीचं काढलं, तेव्हा तो म्हणाला, इथल्या-तिथल्या सगळ्या बायांना एकच भाव, आणि जिचे पैसे तिच्याच हातात, मुकादमाकडे नाही. मुकादम म्हणाला, "लय शाना झालास की!" टोळीतली म्हातारी काकी त्याच्यावर उसळली, "माय गेली त्याची, पर जीभ पोराजवळ ठिवून गेली!" अम्मा, एवढा ताठ मी कधी चाललो नव्हतो.

शाळा आठवीत सुटली, तरी लिहिताना मी चूक राहू देत नाही. हे पत्रसुद्धा दोनदा उतरवलं. पण ते मराठीत आहे, आणि तुला मराठी वाचता येत नव्हतं. तुझ्या भाषेत मी हसतो, घासाघीस करतो, आता कमावतोही. लिहायचं म्हटलं तर तिचं एक अक्षर मला येत नाही. तुझं नावसुद्धा नाही.