ताईने पाहिलेला फ्लॅट

प्रिय इंद्रजित,

तुझा फ्लॅट मी पहिल्यांदा पाहिला तो माघातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेसातला. दुसऱ्यांदा भर दुपारी आणि तिसऱ्यांदा दिवेलागणीला. एका वेळेला बघून वस्ती कळत नाही, हे तूच मला फोनवर शिकवलं होतंस. फौजेत राहून तुला सगळ्यांना शिकवायची सवयच लागली आहे. रजा मिळेना म्हणून तू काय काय बघायचं त्याची यादी पाठवलीस आणि खाली लिहिलंस, "ताई, तू बघ. तू व्हय म्हणालीस की आपलं व्हय." सख्ख्या बहिणीवर टाकलेला एवढा विश्वास वाचून दुसरी एखादी रडली असती. मला हसू आलं.

यादी मात्र मी मन लावून पुरी केली. सकाळी दूधवाल्याला गाठलं, कारण कुठल्या दारात भांडणं आहेत हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. संध्याकाळी क्लास सुटल्यावर मुली एकट्या स्कूटीवरून बिनघोर येताना पाहिल्या. बोळातले दिवे लागतात की नुसतेच खांबाला लटकलेत ते पाहिलं. किराणावाल्याच्या बायकोला विचारलं, बाहेर काढलेल्या चपला राहतात का गं जागेवर? ती म्हणाली, "चपलांचं काय घिऊन बसलाय, आमच्या सायकलीबी बिनकुलपाच्या असत्यात." पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर, तुझ्या लेकीला, शिवांजलीला, शाळा जवळ, मिरजेला जायला रिक्षा दारात. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं आणि तिच्या गुडघ्यांना एक पायरी झेपत नाही, तेव्हा तळमजलाच हवा होता. हे सगळं मी तुला कळवलं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आता जे कळवलं नाही ते लिहिते. हॉलमधला बटणांचा बोर्ड माझ्या डोक्याच्या वर आहे. टीव्ही लावायचा तर हात उंच करून टाचा उचलाव्या लागतात. एजंट नानासो म्हणाला, "ल्हान पोरांचा हात पोचत न्हाई, लय चांगलं असतंय." विजेचे मीटर खाली नाहीत, पहिल्या मजल्याच्या जिन्यात चढवले आहेत. वरच्या मजल्यांवर सगळी जुनी सागवानी दारं आणि तुझ्या तळमजल्यावर तेवढी नवी कोरी. भिंतींना खांद्यापर्यंत ताजा रंग, वर त्याच रंगाची जुनी झाक. ज्याच्या घरात एकदा कृष्णामाईचं पाणी शिरलं आहे, त्याला हे वाचायला चष्मा लागत नाही. दर शेजारच्या गल्लीपेक्षा फुटामागे सहाशेनं कमी निघाला, तेव्हा तू मला म्हणालास, "ताई, तू घासाघीस लय भारी केलीस." मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं रे.

तिसऱ्या खेपेला वरच्या शालनकाकूंनी मला चहाला बोलावलं. जैनांचं घर, सूर्यास्ताआधी जेवणं उरकून बाई निवांत बसल्या होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, खालचं घिऊ नगा. एकोणीसच्या पुरात जिन्याच्या धाव्व्या पायरीला नाव लावून आमाला उतरवलं. खाली आठ दिस पाणी हुतं. म्हातारं माणूस हाय म्हंताय, तर अजाबात घिऊ नगा." भली बाई. मी त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले आणि जिना उतरता उतरताच तुला मेसेज केला, 'पुराचं नीट विचारलं. पाणी गेटपर्यंत आलं होतं, आत नाही. घेऊन टाक.' तू लगेच हात जोडल्याची दोन चित्रं पाठवलीस.

तुझा तो आटपाडीचा मित्र वीरधवल तुला सांगत होता, महापालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघ. शहाणा मुलगा. तूच त्याला गप्प केलंस. "माझ्या ताईनं पूर अंगावर काढलाय, तिला नकाशा काय दाखवतोस?" असं म्हणालास ना? तुझ्या बायकोनं, अंकितानं, मला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

अंगावर काढला, हे खरं आहे. आपले अप्पा गेल्यावर तू मला कोरेगावला नेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतलीस आणि अंकिताच्या हातून साडी दिलीस. त्याचा मला राग नाही. आपल्याकडे बहिणी सही करतातच, मीही हसत केली. ते रहिमतपूरचं उसाचं रान विकूनच तू आज घर घेतो आहेस, त्याचाही नाही. राग आहे तो एका फोनचा. एकोणीसच्या ऑगस्टमध्ये आम्ही शाळेच्या हॉलमध्ये होतो, दीडशे माणसं आणि दोन संडास. माझी सासू अंबूबाई, अर्धांगवायूनं पडलेली, छातीत कफ भरलेला, ओल्या सतरंजीवर होती. मी माहेरी फोन केला. आम्ही कसेही राहतो, म्हटलं, फक्त सासूबाईंना चार दिवस ठेवून घ्या, तासगावपर्यंत मी पोचवते. आई म्हणाली, "सुनंच्या म्हायेरात सासू ऱ्हाती व्हय गं कुटं? गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हाईल का आमाला?" आईचं मी समजू शकते. ती तिच्या काळातली बाई. पण तू रजेवर होतास. तू फोन घेतलास आणि म्हणालास, "ताई, पाणी उतरतंय, टीव्हीवर दावत्यात. दोन दिवस काढ की." आपल्या घरातल्या चार खोल्या कोरड्या होत्या, जीप दारात उभी होती.

सहाव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. स्मशान पाण्याखाली होतं. आम्ही त्यांना ट्रॅक्टरवर घालून तीन गावं फिरलो, शेवटी एका मळेकऱ्यानं बांधाच्या कडेला जागा दिली. लाकडं ओली होती. माझे यजमान मानसिंग त्या दिवसापासून तुझ्याशी नीट बोलतात, हसून बोलतात, आणि तुला वाटतं सगळं विसरलं गेलं. दहाव्याला तू आलास, येताना केळीचा एक घड आणलास. मी तो वाटला. मी तुला चहा केला. त्यानंतर सहा राख्या बांधल्या, आणि प्रत्येक वेळी तुझ्या मनगटाकडं बघून मला ती सतरंजी आठवली.

शिवांजलीचा विचार मनात येतो, हे कबूल करते. तिचा यात काही दोष नाही. पण यशराजचा तरी कुठे होता? माझा मुलगा पंधरा वर्षांचा होता, आजीचे पाय त्यानं धरले होते. कुणी बुडून मरावं असं मला वाटत नाही, मी तेवढी वाईट नाही. होड्या येतील, शालनकाकू वर घेतील. मला एवढंच हवं आहे की दर श्रावणात तू तिकडे लांब बर्फात बसून कोयनेतून किती पाणी सोडलं ते मोबाईलवर बघत राहावंस. आईला कुठे हलवू म्हणून याला त्याला फोन करावेस आणि समोरून कुणीतरी गोड आवाजात तुला दोन दिवस काढायला सांगावं. फ्लॅट विकायचा म्हटलास तर कुणाला तरी तोंडावर खोटं बोलावं लागेल. ते तुला जमेल.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. फोन तरी कशाला, तू माझ्या घरात आतल्या खोलीत झोपला आहेस. सकाळी जीप घेऊन आलास, शेंगदाण्याची आमटी दोनदा मागून घेतलीस आणि म्हणालास, "ताई, तुज्यामुळं घर झालं बघ." चारला दस्तनोंदणी आहे आणि आता अडीच वाजले आहेत. पाकिटावर पत्ता मी तुझ्या युनिटचा घातला आहे, तेव्हा रजा संपवून तू परत जाशील त्या दिवशीच हे तुझ्या हातात पडेल. मधल्या दहा दिवसांत सह्या होतील, वास्तुशांत होईल आणि आईचा पलंग मागच्या खोलीत लागेल. लिहिलं एवढ्यासाठीच की नाहीतर तू जन्मभर नदीला दोष देत बसला असतास, आणि मला ते चालणार नाही. कचेरीच्या वाटेवर टपालपेटी आहे. मी म्हणेन, इंद्रजित, जरा गाडी थांबव, एक पत्र टाकायचं आहे. तू थांबवशील.

तुझीच,
संयोगिताताई