कोरी रांग

३ ऑक्टोबर, शुक्रवार
नोकरी लागली, टेबल मिळालं आणि टेबलाला खिडकीसुद्धा आहे. आणखी काय पाहिजे? ताईच्या घरून प्रयोगशाळा चालत गाठता येते, म्हणून मुक्काम तिच्याकडेच. भावोजींनी त्यांची कामाची खोली मला मोकळी करून दिली. भाचा सात महिन्यांचा, नुसते गालच गाल, म्हणून त्याला सगळे गब्दू म्हणतात. दात येताहेत, त्यामुळे सापडेल ते चावतो. आज माझं नाक सापडलं.

प्रयोगशाळेत मी आणि एक जुना सहकारी. मायक्रोस्कोपला डोळा लावला की तो जेवायचंही विसरतो, म्हणून त्याचं नाव तपस्वी. आमच्या डोक्यावर मॅडम. त्यांनी सर्दीच्या जातीचा एक विषाणू पांगळा केलाय. वाढायला लागणारा त्याचा जनुक कापला आणि त्या जागी दोन नवे बसवले. एकामुळे पेशी जांभळ्या उजेडात हिरवी चमकते, दुसऱ्यामुळे ती काही दिवसांत मरते. हा विषाणू कॅन्सरच्या गाठीत सोडायचा. चमकली ती पेशी गेली, आणि पांगळा असल्यामुळे तो गाठीबाहेर पसरणार नाही. ऐकूनच नाचावंसं वाटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार
इथली एक रीत कळली. पेशी वाढवायच्या प्लेटमध्ये छोट्या खळग्यांच्या रांगा असतात, त्यातली शेवटची रांग दर वेळी कोरी ठेवायची. तिच्यात विषाणू घालायचा नाही, फक्त निरोगी रक्तातल्या पेशी घालायच्या. जांभळ्या उजेडात ती काळी राहिली तरच बाकीच्या रांगा खऱ्या धरायच्या. हे निरोगी रक्त द्यायचं सगळ्यांत नव्या माणसाने, दर वेळी ताजं. मी आल्यामुळे तपस्वीची सुटका झाली, त्या आनंदात त्याने मला चहा पाजला.

९ ऑक्टोबर, गुरुवार
माझ्या रक्ताची पहिली कोरी रांग काळीकुट्ट. मॅडम चक्क हसल्या.

दुपारी गॉगल धुरकटला म्हणून वर सरकवला आणि नेमका तेव्हाच विषाणूच्या नळीतला थेंब डोळ्यात उडाला. तपस्वीने डोळा धुवायला लावला. मॅडमना सांगू का विचारलं, तर म्हणाला की सांगितलंस की काम आठवडाभर बंद, आणि पांगळा विषाणू तुझं करून करून करणार काय. पटलं. डोळे तसेही लालच होते. गब्दूला सर्दी झालीय आणि त्याने ती मावशीला प्रेमाने वाटलीय.

२० ऑक्टोबर, सोमवार
कोरी रांग चमकली. एखाददुसरी पेशी नाही, अर्धी रांग. मॅडम म्हणाल्या, हात गलिच्छ आहेत तुमचे. याच शब्दांत, तपस्वीसमोर. कुठून तरी विषाणू सांडून रांगेत गेलाय, म्हणे, पुन्हा करा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
पुन्हा केलं. पुन्हा चमकली. थेंब मोजून टाकायच्या पिपेट बदलल्या, पेशींचं खाद्य नवं आणलं, काच पुसून पुसून खांदा दुखायला लागला. तरी खापर माझ्याच डोक्यावर. मी म्हटलं, चूक दुसरीकडे असेल. मॅडमनी वर न बघता सांगितलं की पुढची रांग काळी आली नाही तर त्या दुसरं माणूस बघतील. तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री रागारागाने दात घासले तर हिरड्यांतून रक्त.

घरी ताईजवळ कुरकुर केली. ती म्हणाली, मन लावून केलंस तर जमेल. म्हणजे हिचाही विश्वास नाही. गब्दू दिवसभर किरकिरतोय, पण मांडीवर घेतलं की माझ्या तोंडात बोटं घालतो, मग तीच स्वतःच्या तोंडात. या घरात माझी बाजू घेणारा तो एकटाच.

२७ ऑक्टोबर, सोमवार
माझे हात गलिच्छ ना? मग बघूच. हातापाया पडून तपस्वीचंही रक्त घेतलं. एकाच प्लेटमध्ये त्याची कोरी रांग आणि माझी कोरी रांग. तीच पिपेट, तेच हात. सांडत असेल तर दोन्ही चमकतील, आणि मग मी आपणहून नोकरी सोडीन.

हिरड्यांतून अजून रक्त येतंय.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
त्याची रांग काळी. माझी हिरवी.

हात स्वच्छ होते! प्लेट घेऊन मॅडमच्या खोलीकडे निघाले, अगदी धावत. जिन्यात पाय थांबले. हात स्वच्छ, पिपेट स्वच्छ, तर मग उरलं काय — रक्त.

विषाणू पांगळाच होता. पण वाढायला जे लागतं ते गब्दूच्या सर्दीच्या विषाणूकडे होतं. दोघे एकाच जातीचे. दोघे एकाच वेळी माझ्या डोळ्यात. एकाने दुसऱ्याला उभं केलं.

प्लेट तपासायचा जांभळा टॉर्च घेऊन प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये गेले. दिवा बंद. आरशात तोंड उघडलं.

हिरड्या हिरव्या. जीभही, कडेने.

दुपारी
कुणाजवळ जायला नको म्हणून मॅडमना फोन केला. पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. कोऱ्या रांगेची रडगाणी सोमवारी, म्हणाल्या. तपस्वी फोन उचलत नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला असेल, कर्माची कटकट.

घरी आले, कुणाला शिवले नाही, पर्स दाराशी टाकून खोलीला कडी लावली. आतूनच ताईला सगळं सांगितलं, गब्दूला डॉक्टरकडे ने म्हटलं. ती म्हणते मॅडम ओरडल्या म्हणून हे नाटक. गब्दूला काही झालेलं नाही म्हणते, दात येताहेत, हिरडीतून थोडं रक्त —

रक्त.

ओरडले. आता ती रुसलीय.

त्याचं हसणं ऐकू येतंय. पर्समधलं काहीतरी खाली सांडलंय. किल्ल्या. टॉर्च पर्समध्येच —

ताईला हाक मारली. म्हणते, खेळू दे, चावू दे, तुझं काय जातंय.

बटण वाजलं.

दाराखालून जांभळा उजेड. ताई हसतेय. विचारतेय, अगं, तुझा टॉर्च चावून याच्या तोंडाला हा हिरवा रंग कसला ला