मंगळवारचा सराव पाठ

कराड,
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

प्रिय अंजाक्का,

पाया पडते. आबांचा गुडघा कसा हाय? दाजी डाळिंबाचा टेम्पो घेऊन आलेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतीया. फोन का न्हाई केला म्हणून रागावू नगंस. तू फोन स्पीकरवर टाकतीस आन् अख्खं घर ऐकतं. हे तुझ्या एकटीसाठी हाय.

डी.एड.चं कॉलेज बरं चाललंय. पहिल्या दिवशी कॉलेजची साडी नेसून आरशात बघितलं, तर मीच मला ‘नमस्ते बाई’ म्हणाले. हॉस्टेलची आमटी म्हंजे नुसतं पाणी. खोलीतली रेश्मा उंब्रजची हाय, मनानं चांगली, पण लय बडबडी. मंगळवारी इथल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गावर माझा पहिला सराव पाठ झाला. मॅडम मागच्या बाकावर बसून बघत होत्या. त्यांनी वहीत शेरा दिला, ‘वर्गावर नियंत्रण चांगले.’

एवढंच लिहून पत्र बंद करणार होते. दोनदा घडीपण घातली. पण आक्का, मला लय भ्या वाटतंय गं.

पाठ चित्रवर्णनाचा होता. झाडाखाली बसलेला बैल. मॅडमनी आधीच बजावलं होतं, पोरांकडनं उत्तरं प्रमाण भाषेत आली पायजेत. तिसऱ्या बाकावर शिवांजली नावाची बारकी पोरगी. तिची आई दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जाते. ती उठली आन् म्हणाली, “ह्यो बैल हाय. लय दमलाय त्यो.” बैल दमलाय हे मला पाठाचं टाचण लिहितानासुद्धा दिसलं नव्हतं. शाबास म्हणायचं सोडून मी म्हटलं, “हाय नव्हे, आहे म्हण.” ती परत हाय म्हणाली. तीनदा तसंच झालं. मागं मॅडमचं पेन चाललेलं.

मग ती म्हणाली, “बाई, तुमीबी मगाशी हाय म्हणला की.”

सगळा वर्ग हसला. आन् आक्का, माझ्या तोंडातनं गेलं, “गप बस! असं बोलायचं आसंल तर जा मेंढरं राखायला!”

तुला गुरुजींनी तिसरीत म्हटलं होतं तेच. आबांनी जल्मभर मेंढरं राखून आपल्याला मोठं केलं, आन् मी तेच शिवी म्हणून वापरलं. ज्या वाक्यानं तुझी शाळा सुटली ते माझ्यात कुठं दडून बसलं होतं, आन् अजून काय काय दडलंय, ह्याचीच मला भीती वाटतीया. पोरं आता तिला हसली. ती खाली बसली, आन् मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन निघून गेली. काल आली न्हाई. आजबी न्हाई.

तिचं घर कुठं हाय ते विचारून ठेवलंय, पण पाय उचलंना. तिची आई शिव्या देईल त्याचं काय न्हाई. पोरगी मला बघून आत पळाली तर? सोमवारी त्याच वर्गावर माझा दुसरा पाठ हाय. तिची जागा मोकळी दिसली तर माझ्याच्यानं उभं ऱ्हावणार न्हाई. आक्का, हे बाईपण मला झेपायचं न्हाई. बॅग भरून ठेवलीया. येऊ का घरी?

तुझी,
राणी


आटपाडी,
शनिवार

राणी,

आशीर्वाद. पत्र वाचलं आन् लय राग आला. समोर असतीस तर थोबाडीत दिली असती. मग दुसऱ्यांदा वाचलं, तवा रडू आलं.

घरी येऊ नगंस.

एक सांगते, आजवर कुणाला सांगितलं न्हाई. गुरुजी आलते घरी. दुसऱ्याच दिवशी. मी दप्तर पोटाशी धरून धान्याच्या कणगीमागं लपले. त्यांनी च्या घेतला, आबांना म्हणले, “पोरगी हुशार हाय, पाठवा.” आबा म्हणले, बघू. मला वाटलं, आता मला हाक मारतील. मी उठायच्याच बेतात होते गं. त्यांनी चपला घातल्या आन् गेले. मी तिथं हाय हे त्यांना ठावं होतं, माझा पाय दिसत होता.

तवा त्या पोरीच्या आईबापाशी बोलत बसू नगंस. पोरीला हाक मार. न्हाई आली तर परत मार. आन् चुकलं म्हणायचं ते तिला कोपऱ्यात घिऊन न्हवं, सोमवारी भरल्या वर्गात म्हण. मॅडम मागं बसल्या तरी म्हण. तिचं हसं झालं सगळ्यांम्होरं, तर माफीबी सगळ्यांम्होरं.

भ्या वाटतंय तर वाटू दे. गुरुजींना वाटलं असतं तर बरं झालं असतं.

तुझं दाजी हॉर्न वाजवत्यात. आज टेम्पो कराडला पोचला की उद्या रविवार तुझ्या हातात हाय. सकाळीच जा.

अंजना भाऊसो सरगर
इयत्ता तिसरी