हयात नवऱ्याच्या नावचा वीराचा दगड

प्रति,
मा. मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी, कल्याण, जिल्हा ठाणे.

अर्जदार : सौ. सगुणाबाई हरिचंद्र भोईर, मु. कात्रप, पो. बदलापूर.

विषय : माझे पती हयात असता त्यांच्या नावे वेशीवर उभा केलेला वीराचा दगड मुलीच्या हळदीपूर्वी उचलण्याबाबत.

संदर्भ : चावडीवर वाचून दाखविलेली आपली नोटीस. ‘सदर इसम वीर म्हणविण्यास पात्र आहे किंवा कसे, याबाबत ज्यांस सांगणे असेल त्यांनी गुरुवारच्या पाहणीपूर्वी लेखी सांगावे.’

महोदय,

विनंती अर्ज करण्यात येतो की, मी प्रौढ साक्षरता वर्गाची दुसरी परीक्षा पास असून हा अर्ज स्वहस्ते लिहीत आहे. फक्त पतीचे नाव, वर शाईत फरक दिसतो तेथे, मुलगी चिमी हिने घातले आहे. नवऱ्याचे नाव मी तोंडाने घेत नाही आणि हातानेही घेणार नाही. यापुढे त्यांस ‘सदर इसम’ असे लिहिते.

१. सदर इसम लोकल बोर्डाचे सभासद असून तालुक्यात पुढारी म्हणून ओळखले जातात. त्यांचा गौरव करण्यासाठी एक समिती निघाली. समितीचे चिटणीस विष्णुपंत हे अंबरनाथच्या एका कारखान्यात हेडक्लार्क असून त्यांस जुन्या दगडांचा नाद आहे. आमच्या वेशीवरचा जुना वीराचा दगड पाहून त्यांनी तसाच नवा पाथरवटाकडून घडवून घेतला व गेल्या सव्वीस जानेवारीस सरकारी जागेत उभा केला. असा दगड मेलेल्या माणसाचाच असतो हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विष्णुपंतांनी कोणास विचारले नाही. पाथरवटाने विष्णुपंतांस विचारले नाही. तो म्हणतो, ‘चिटणीससाहेबांनी सांगितलं, तसाच हुबेहूब कर, म्हणून केला.’

२. दगडावर खालच्या टप्प्यात सदर इसम पांढरी टोपी घालून तलवार चालवीत आहेत. मधल्या टप्प्यात दोन अप्सरा त्यांस दंडाला धरून वर नेत आहेत. सर्वांत वर ते स्वर्गात शंकराच्या पिंडीसमोर बसले आहेत. त्यांनी आजवर विळ्याखेरीज काही चालविलेले नाही. त्या दोघी कोण, याची चौकशी मी घरात वेगळी केली आहे.

३. शिमग्याला बायकांनी रिवाजाप्रमाणे दोन्ही दगडांना तेलशेंदूर लावून दहीभात ठेवला. परत येताना शेजारच्या म्हाताऱ्या रखमाबाईंना सदर इसम आमच्या ओटीवर पान खाताना दिसले. त्या म्हणाल्या, ‘आरं, तू इथं कसा? तुला तर आत्ता भात ठेवून आले.’ सदर इसम हसले. मीही हसले. ते हसणे आता मला महागात पडत आहे.

४. कारण चिमीचे लग्न अक्षय्य तृतीयेस अंबरनाथच्या घरी ठरले आहे. तिची आजेसासू इंदुबाई साखरपुड्याला आली ती वेशीवरून आली, आणि शेंदूर पाहून थबकली. तिचे म्हणणे असे की, ‘बाई, तुमचा माणूस चालता-बोलता आहे हे मला दिसतं. पण एकदा शेंदूर लागला की तो देवांत गेला. त्याच्या बायकोचा हात नवरीच्या हळदीला नको.’ ही बाई वाईट नाही, वहिमी आहे. परंतु तिचे ऐकून आमच्या आळीतील दोघींनीही मला हळदीकुंकवाला बोलावणे टाळले. जिला मी नऊ महिने पोटात वागविले तिला हळद लावायची नाही, कोपऱ्यात बसून बघायचे, हे माझ्याच्याने होणार नाही. मला फार वाईट वाटते व रागही येतो.

५. आता नोटिशीतल्या प्रश्नाबद्दल. सदर इसम वीर नाहीत, असे शपथेवर लिहून देण्यासाठीच मी बसले आहे. वीर नाही असे ठरले की दगड आपोआप उचलला जाईल. पुरावा पुढीलप्रमाणे.

(अ) ते घाबरट आहेत. पाल दिसली तर भाषण सोडून मला हाक मारतात.

(आ) ओढ्यावरचा साकव ‘पुढच्या वर्षी’ होणार असे ते चार वर्षे सांगत आहेत. शाळेला कौले मात्र त्यांनी आणली, हे खरे म्हणून लिहिते.

(इ) बेचाळीस साली त्यांनी तारा तोडल्या असे दगडावर कोरले आहे. तारा दुसऱ्यांनी तोडल्या. हे आंब्यावर लपले होते. पोलीस निघून जात होते, इतक्यात लाल मुंग्या डसल्या म्हणून हे ओरडत खाली आले व सापडले. चार महिने तुरुंग भोगला. माफी लिहून दिली असती तर आठ दिवसांत सुटले असते. ती दिली नाही. का नाही दिली, असे विचारता ‘माझं अक्षर वाईट आहे’ म्हणतात.

(ई) येथे मला थांबावे लागत आहे, कारण शपथ घेतली आहे. सन १९४८ साली कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले, तेव्हाची गोष्ट. त्यांतील एक म्हातारी पापडांची टोपली घेऊन गावात आली. पापडांत विष आहे, पोरे मारायला आले आहेत, अशी कंडी कोणी पिकविली आणि पन्नास-साठ माणसे कोयते घेऊन जमली. त्यात आमचे भाऊबंदही होते. सदर इसम म्हातारीला ओटीवर घेऊन आले व मला म्हणाले, ‘चूल पेटव.’ मी भाजत गेले, ते सर्वांसमोर खात गेले. हात इतका थरथरत होता की पापडाचा चुरा धोतरावर सांडत होता. ते पाणी मागत, मी देत होते. तीस पापड झाले तेव्हा ऊन कलले होते. माणसे एकेक करून घरी गेली. मग दोन दिवस सदर इसमांचे पोट बिघडले होते. पुढे ही हकिकत समितीस सांगितली, तर विष्णुपंत म्हणाले, पापड दगडात शोभत नाही.

६. तेव्हा नोटिशीतल्या प्रश्नास मला ‘नाही’ असे साफ लिहिता येत नाही. अर्धा दिवस ते वीर होते. बाकी सर्व दिवस माझा नवरा आहेत व मला ते तेवढेच पाहिजेत. वीर ठरवायचे ते माणूस गेल्यावर ठरवावे. मी आधी जावे अशी माझी देवाकडे मागणी आहे, म्हणून मला त्या निकालाची घाई नाही.

तरी साहेबांनी गुरुवारी दगडाकडे जाण्याआधी आमच्या ओटीवर यावे, सदर इसमांस चहा पिताना समक्ष पाहावे, ‘हयात’ असा शेरा मारून तो इंदुबाईस वाचून दाखवावा, आणि दगड हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत उचलून आमच्या विहिरीवर उपडा टाकण्याची परवानगी द्यावी. तेथे धुण्याला दगड नाहीच. सदर इसमांचे सदरे त्यावरच धुतले जातील.

सोबत : १) सदर इसमांचा ‘मी जिवंत आहे’ असा सही-अंगठ्यासह जबाब (अक्षर खरोखरच वाईट आहे). २) पापडांचे पुडके, एक. ती म्हातारी दर दिवाळीस अजून पाठविते. साहेबांनी चहाबरोबर खावेत, विष नाही.

ता. क. : अर्ज सदर इसमांनी वाचला. बाकी सर्व कबूल आहे, फक्त ‘घाबरट’ शब्द खोड म्हणाले. मी खोडलेला नाही. त्या दिवशी ओटीवर जो बसला तो घाबरटच होता आणि उठला नाही, हे मी चुलीपासून पाहिले आहे.

हळदीच्या दिवसाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र अर्जदार,
सौ. सगुणाबाई (पुढील नाव चिमीच्या हातचे) हरिचंद्र भोईर
कात्रप, ता. ४ एप्रिल १९५५