इराच्या वेण्या

शनिवार संध्याकाळ, मरीन परेड

मी ऑफिसला गेले तेवढ्यात ताईने इराच्या वेण्या सोडवल्या. इराच्या आत्याने, म्हणजे माझ्या घानाच्या नवऱ्याच्या बहिणीने, काल दिवसभर पुढ्यात बसवून घातलेल्या, मण्यांच्या बारीक वेण्या. उद्या इराला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाचायचं होतं.

“अगं, जटाच वाटत होत्या,” ताई म्हणाली. “आता बघ, कशी आपल्यातली दिसते.”

आपल्यातली. मग इतके दिवस कोणातली होती? आणि हे ताईने म्हणावं? माझ्या लग्नाला माहेरून ती एकटी आली होती.

मणी वाटीत पडलेले. इराला विचारलं, “नको का नाही म्हणालीस?”

“मावशी म्हणाली, आईनेच सांगितलंय.”

मी सांगितलं नव्हतं, हे मी दोनदा म्हणाले.

“ओके लाह, आई,” इरा इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली. मला माफ केल्यासारखी.